राक्षसाचा शिष्टाचार

गेल्या उपवासकाळातील एका रात्रीची गोष्ट. जपमाळ आटोपून घरातील मंडळी निजली होती. धाकट्या मुलाच्या खोलीत मात्र अद्याप उजेड होता. सकाळच्या गाडीने कामावर जायचे असताना हा एवढ्या रात्री संगणकापुढे काय करीत बसला आहे, हे पाहावे म्हणून मी त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावर इंग्रजीतून ओळीमागून ओळी उमटत होत्या. त्यांचा आशय असा: बुरुजाखालच्या अंधारातून तो वर आला, त्याच्या दातांत कुणाच्या तरी अंगरख्याची चिंधी लोंबत होती, तुझा मशाल धरलेला हात पकडण्यासाठी तो झेप घेतो आहे. वाचून अंगावर काटा आला. आणि लगेच त्याखाली, दुहेरी कंसात, त्याच हाताने लिहिलेली दुसरी ओळ: उद्या तुझी परीक्षा आहे ना? आता पुरे करू. उरलेले शनिवारी.

"हा राक्षस कोण?" मी विचारले.

"मीच."

"आणि परीक्षेची चौकशी करणारा?"

"तोही मीच, पप्पा."

चारपाच तरुण, कुणी इथला, कुणी परदेशातला, आळीपाळीने लिहून एक कथा खेळत होते. कुणी योद्धा झाला होता, कुणी वैद्य, कुणी वाट दाखविणारा. आमच्या चिरंजीवांनी राक्षसाची भूमिका पत्करली होती. मी जरा चिडूनच म्हणालो, "एवढी पात्रं असताना तुला राक्षसच व्हायचं होतं?" त्यावर तो शांतपणे म्हणाला, "कुणीतरी व्हायलाच हवं ना? नाहीतर बाकीचे शूर कसे होणार?"

मी खोलीत परत आलो; परंतु झोप आली नाही. दुष्टाचे सोंग घेणे हे निर्दोष असते काय? सोंग घेता घेता त्याचा रंग मनाला लागत नाही काय? आणि असे सोंग घ्यायचेच झाले, तर ते घेणाऱ्यावर कोणती बंधने असतात? पुढील काही आठवडे मी मुलाला प्रश्न विचारून, काही वाचून, या खेळांची थोडी ओळख करून घेतली. प्रश्न वाटला होता त्याहून खोल निघाला आणि त्याचा एक धागा माझ्याच एका जुन्या अपराधापर्यंत जाऊन पोहोचला. तो शेवटी सांगतो.

भूमिका घेऊन खेळावयाच्या या खेळांचा, म्हणजे रोल-प्लेइंग गेम्सचा, आजचा अवतार अमेरिकेत 1974 साली जन्माला आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी त्या वर्षी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. मित्रमंडळी टेबलाभोवती बसतात. प्रत्येकजण एकेका वीराची भूमिका घेतो. एकजण मात्र वीर होत नाही. कथेचा सूत्रधार होऊन तो साऱ्या राक्षसांच्या तोंडून बोलतो आणि त्यांच्या वतीने लढतो. विशेष असे की, त्याचे राक्षस बहुधा हरण्यासाठीच आलेले असतात. 1978 साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी संगणकावर अनेकांना एकाच वेळी वावरता येईल असे केवळ शब्दांचे जग रचले. 2004 साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि देशोदेशींचे लाखो लोक एकाच काल्पनिक भूमीत परस्परांना भेटू लागले. टेबलाभोवती समोरच्याचा चेहरा दिसत असे. इथे तो दिसेनासा झाला. शिष्टाचाराचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो या ठिकाणी.

2007 साली आलेल्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन' या खेळाने तर राक्षस होण्याची रीतसर सोय करून दिली. एटनमूर्स नावाच्या प्रदेशात खेळाडू आपला नायक बाजूला ठेवून ऑर्क, उरुक, वार्ग जातीचा लांडगा किंवा महाकाय कोळी होऊ शकतो आणि नायक झालेल्या इतर जिवंत माणसांशी लढू शकतो. ज्या कादंबरीवरून हा खेळ रचला, तिचे लेखक जे. आर. आर. टॉल्किन हे श्रद्धावान कॅथलिक होते. त्यांच्या आईने 1900 साली कॅथलिक धर्म स्वीकारला. 1904 साली ती वारल्यावर फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंनी पोरक्या मुलांचे पालकत्व सांभाळले. अशा लेखकाच्या सृष्टीत आपला मुलगा ऑर्क होऊन वावरला, तर त्या लेखकाला काय वाटले असते, असा विचार माझ्या मनात येणे स्वाभाविक होते.

टॉल्किन यांना हा प्रश्न प्रत्यक्षात पडला होता. ऑक्सफर्डमधील एका कॅथलिक पुस्तकविक्रेत्याने दुष्टाच्या हातून घडलेल्या जिवांविषयी शंका विचारली, तेव्हा 1954 साली त्यांनी एक दीर्घ उत्तर लिहावयास घेतले. ते पत्र त्यांनी कधी पाठवले नाही. मसुदा मात्र राहिला. ऑर्क उद्धाराच्या पलीकडे गेलेले आहेत असे म्हणण्याच्या अगदी काठावर ते येतात आणि तेथेच थांबतात. तसे म्हणणे हे मर्यादेबाहेर जाणे होईल, असे त्यांना वाटते. कारण जे अस्तित्वात येऊ दिले गेले, ते परमेश्वराच्याच सृष्टीचा भाग ठरते. आपल्या कल्पनेतील अत्यंत ओंगळ प्राण्याविषयीही शेवटचा शब्द उच्चारण्याचे त्यांच्या जिवावर येते. कागदावरील राक्षसाबाबत ज्याने एवढा संकोच केला, त्याने राक्षसाचा वेश घेणाऱ्या माणसाला दूर लोटले असते असे मला वाटत नाही.

दुष्टाच्या भूमिकेविषयी आपल्या मराठी रंगभूमीलाही काही सांगावयाचे आहे. निळू फुले यांनी पडद्यावर असे काही सरपंच आणि पाटील उभे केले की, खेड्यातल्या बायाबापड्या त्यांना प्रत्यक्ष पाहूनही बोटे मोडीत असे सांगतात. प्रत्यक्षात हा मनुष्य राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेला, सामाजिक कार्यकर्त्यांच्या मदतीसाठी झटणारा, अत्यंत मृदू स्वभावाचा होता. 2009 साली ते गेले तेव्हा महाराष्ट्र हळहळला तो त्या पाटलासाठी नव्हे. खलपुरुष रंगवणे आणि खलपुरुष होणे यांत अंतर राखता येते, एवढे तरी यावरून सिद्ध होते. प्रश्न उरतो तो एवढाच की, ते अंतर राखायचे कशाने?

माझ्या मुलाने मला सांगितलेले नियम येथे नोंदवण्यासारखे आहेत. ते कोणत्याही एका ग्रंथात लिहिलेले नाहीत. खेळणाऱ्यांनी अनुभवाने, पुष्कळदा भांडणातून, ते बसवले आहेत.

पहिला नियम व्याकरणाचा आहे, असे म्हटले तरी चालेल. लिहून खेळल्या जाणाऱ्या खेळात राक्षसाने 'मी तुझा हात तोडला' असे लिहायचे नसते. 'मी तुझ्या हातावर वार करतो' असे लिहायचे असते. वार करणे राक्षसाच्या हाती. तो लागला की चुकला, किती लागला, हे ज्याच्यावर वार झाला त्याने लिहायचे. भूतकाळ हा समोरच्याचा हक्क आहे! राक्षस कितीही बलाढ्य असला तरी दुसऱ्याच्या देहावर काय घडले याचा निकाल त्याने देऊ नये. कुणाच्या पात्राला कायमचे ठार मारावयाचे असेल, तर ज्याने ते पात्र महिनोन् महिने जपले आहे त्याला आधी विचारावे.

दुसरा नियम त्या दुहेरी कंसाचा. कंसाबाहेर राक्षस बोलतो, कंसाच्या आत माणूस. राक्षसाने वाटेल तितके भेसूर व्हावे. पण कंस उघडा ठेवावा. समोरचा थकला, घाबरला, त्याच्या घरी काही अडचण आली, तर त्याला माणसापर्यंत पोहोचण्याची वाट असली पाहिजे. टेबलाभोवती खेळणाऱ्या मंडळींतही अलीकडे अशीच एक पद्धत रूढ झाली आहे. 'एक्स' हे अक्षर लिहिलेले एक कार्ड टेबलावर ठेवतात. कुणालाही एखादा प्रसंग असह्य झाला तर त्याने त्या कार्डाला हात लावावा. तो प्रसंग तेथेच थांबतो आणि कारण विचारले जात नाही. 'कारण विचारले जात नाही' या चार शब्दांत केवढी दया भरलेली आहे! आपल्या घरात, आपल्या संस्थांत, कुणी 'पुरे' म्हटले तर आपण आधी त्याची उलटतपासणी करतो.

तिसरा नियम पडलेल्याविषयी. हरलेला वीर पुन्हा उठून उभा राहतो न राहतो तोच त्याला पुन्हा पाडावयाचे, त्याच्या प्रेताजवळ दबा धरून बसावयाचे, नवशिक्याला गाठून छळावयाचे, हे अनेक खेळांत यंत्राच्या नियमात बसते. चांगला खेळाडू मात्र ते करीत नाही. एटनमूर्समध्ये दोघांची लढत चालू असता तिसऱ्याने मध्ये पडू नये असाही एक अलिखित रिवाज आहे. तो मोडला जातो आणि त्यावरून वादही होतात. वाद होतात, याचाच अर्थ रिवाज जिवंत आहे.

हे नियम पाळले गेले नाहीत तर काय होते, याची दोन उदाहरणे या खेळांच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत.

पहिले 1993 सालचे. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातील एका संगणकावर 'लॅम्डामू' नावाचे शब्दांचे जग नांदत होते. तेथे 'मिस्टर बंगल' या नावाने वावरणाऱ्या एका खेळाडूने एक युक्ती वापरून इतरांच्या पात्रांच्या नावावर, त्यांच्या संमतीशिवाय, अत्यंत लज्जास्पद कृत्ये सर्वांसमक्ष लिहून दाखवली. कुणाच्या अंगाला बोटही लागले नव्हते. तरीही ज्यांच्या पात्रांची ही विटंबना झाली, त्यांच्यापैकी एका स्त्रीने त्या रात्रीविषयी लिहिताना तिला खरोखरीचे अश्रू आवरले नाहीत. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने त्याच वर्षी ही हकीकत लिहिली आणि ती पुढे फार गाजली. त्या जगातील रहिवाशांनी एकत्र जमून तासन् तास चर्चा केली, अखेर त्या पात्राला तेथून नाहीसे करण्यात आले आणि पुढे निर्णयासाठी मतदानाची पद्धत आली. व्याकरणाचा म्हणून मी वर ज्याला थट्टेने संबोधिले, त्या नियमाचे मोल येथे कळते. दुसऱ्याच्या देहाविषयीची वाक्ये त्याच्या वतीने आपण लिहिणे, हाच तो अपराध होता.

दुसरे उदाहरण 2006 सालच्या मार्च महिन्यातील. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळणाऱ्या एका व्यक्तीचे प्रत्यक्ष जीवनात आकस्मिक निधन झाले. खेळातील सोबत्यांनी खेळातच शोकसभा घेण्याचे ठरवले आणि तसे आगाऊ जाहीर केले. मृत व्यक्तीला बर्फ आवडे आणि मासेमारी करताना पाण्याचा आवाज आवडे, म्हणून विंटरस्प्रिंग नावाच्या बर्फाळ प्रदेशातील पाण्याचा काठ त्यांनी निवडला. श्रद्धांजलीसाठी मंडळी रांगेने उभी असता विरोधी पक्षाच्या एका टोळीने हल्ला करून ती सभा उधळली आणि त्याची चित्रफीत जगाला दाखवली. तो प्रदेश उघड लढाईचा होता. म्हणून हल्ला नियमात बसत होता. त्यांची बाजू घेणारेही पुष्कळ निघाले.

यात एक गोष्ट मला विलक्षण वाटते. या खेळात दोन पक्ष आहेत. एक 'अलायन्स', त्यात मानव आणि त्यांचे मित्र. दुसरा 'होर्ड', त्यात ऑर्क, ट्रोल, कबरीतून उठलेले मृतात्मे. त्या दिवशी बर्फात उभे राहून शोक करणारे होते होर्डचे, म्हणजे दिसायला राक्षस. त्यांच्यावर तुटून पडले ते अलायन्सचे. राक्षसाचे रूप घेतलेली माणसे मृताचा मान राखीत होती आणि सज्जनांचे रूप घेतलेली माणसे तो पायदळी तुडवीत होती. मुखवटा पाहून माणूस ओळखावयाचा म्हटला तर आपण त्या दिवशी साफ फसलो असतो.

याच खेळातील आणखी एक बारीकशी गोष्ट मुलाने सांगितली. दोन पक्षांना परस्परांची भाषा कळू नये अशी त्यात अनेक वर्षे व्यवस्था होती. ऑर्क हसला आणि त्याने हसण्याची तीन इंग्रजी अक्षरे टाइप केली, की मानवाच्या पडद्यावर 'केक' असा भलताच शब्द उमटे. पण शब्द पोहोचत नसले तरी हावभाव पोहोचत. वाकून नमस्कार करता येई, हात हलवता येई. म्हणून शत्रूला भेटल्यावर तलवार उपसण्यापूर्वी कुणी कुणी वाकून नमस्कार करीत. आणि समोरच्याला कळे की, या भेसूर चेहऱ्यामागे कुणीतरी आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. राक्षसाने पदोपदी परवानगी मागावयाची, तर तो राक्षस कसला? ज्याची भीती वाटत नाही अशा राक्षसावर मात करण्यात पराक्रम तरी कोणता? आक्षेप खरा आहे. परंतु तो शिष्टाचाराच्या विरुद्ध जात नाही. समोरचा घाबरण्यासाठीच आला आहे. त्याला लुटुपुटीचा राक्षस देणे ही त्याची फसवणूक होय. पात्राला भिववावे, माणसाला भिववू नये. ही रेघ जितकी स्पष्ट असेल तितके पात्राला अधिक भिववता येते. दोर घट्ट बांधला आहे याची खात्री असेल, तरच माणूस खोल विहिरीत उतरतो.

आता माझी गोष्ट. पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील तरुणांनी पवित्र सप्ताहात प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक बसवले होते. मी तेव्हा विशीत होतो. ख्रिस्ताची भूमिका आपल्याला मिळावी अशी माझी फार इच्छा होती. ती माझ्या एका मित्राला मिळाली आणि माझ्या वाट्याला आला फटके मारणारा रोमी शिपाई. आसूड सुतळीचा होता. तो लाल रंगात बुडवलेला असे. म्हणजे पाठीवर वळ उमटावेत, पण दुखू नये. नाटक बसवणारे वयस्क मास्तर तालमीत मला पुन्हा पुन्हा बजावीत, "फटका हवेत संपला पाहिजे. पाठीवर फक्त रंग पोहोचला पाहिजे."

प्रयोगाच्या दिवशी मैदान माणसांनी भरून गेले होते. तिसऱ्या की चौथ्या फटक्याला मी आसूड उलटा धरला आणि लाकडी मूठ त्याच्या खांद्यावर बसली. तो कळवळला. लोकांना वाटले, काय अभिनय करतो आहे! बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पडद्यामागे त्याचा खांदा काळानिळा झालेला मी पाहिला. "वेशाच्या भरात झालं," एवढेच मी म्हणालो. त्यानेही मान हलवली. पापनिवेदनालाही मी ते सांगितले नाही. कारण नाटकात घडलेल्या गोष्टीचे पाप कसले, अशी मी माझी समजूत घातली होती.

मुलाच्या पडद्यावरील तो कंस पाहिला तेव्हा इतक्या वर्षांनी मला कळले की, वेशाने काहीच केले नव्हते. शिपायाचे ख्रिस्ताशी वैर नव्हते; तो हुकूम पाळीत होता. वैर होते ते माझे, माझ्या मित्राशी. ती मूठ खांद्यावर बसली त्या क्षणी मी भूमिकेत शिरलो नव्हतो. भूमिकेतून बाहेर पडलो होतो आणि वेश मात्र अंगावर तसाच ठेवला होता. शोकसभा उधळणारांनी 'खेळच तर होता' म्हणावे आणि मी 'नाटकच तर होते' म्हणावे, यात फरक तो काय? राक्षसाचे सोंग घेतल्याने मन मलिन होते असे आपण मुलांना सांगतो. मला वाटते, मलिनता बहुधा आधीच आत असते. सोंग तिला बाहेर पडावयास आडोसा देते. म्हणून राक्षस होणाऱ्याने वेश चढवण्यापूर्वी आपले खिसे तपासावेत. आत कुणाविषयीचा राग राहिला असेल तर तो घरी ठेवून मग अंधारात उतरावे. बाकीचा सारा शिष्टाचार यातूनच निघतो.

त्या शनिवारी, मुलगा आपला अर्धवट राहिलेला डाव खेळत असता, मी ओट्यावर बसून मित्राला दूरध्वनी लावला. तो आता मुलीकडे राहतो. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर मी त्या फटक्याचा विषय काढला.

"अरे, आठवतो की!" तो म्हणाला. "अगदी शिरला होतास तू भूमिकेत."

"नाही रे," मी म्हणालो आणि जे खरे होते ते सांगितले. फार वेळ लागला नाही. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, "पुढच्या वर्षी मास्तरांनी पुन्हा ख्रिस्त व्हायला विचारलं होतं मला. मी नाही म्हणालो. कारण नव्हतं सांगितलं कुणाला."

हे मला ठाऊक नव्हते. काय बोलावे ते सुचेना. अखेर त्यानेच विचारले, "बरं, धाकटा काय करतो तुझा?"

"नोकरी करतो," मी म्हणालो, "आणि रात्री राक्षस होतो. माझ्यापेक्षा पुष्कळ बरा होतो."